मुक्त पाठ्यपुस्तकं आणि वर्णभेद : अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी मी वर्गातलं विकतचं पाठ्यपुस्तक बंद केलं आणि मुक्त पुस्तक लावलं. त्यात दर सत्राला काही ना काही बदलत असते. मंडळाच्या गणपतीत, भारतातल्या फोनवर, नव्यानं रुजू झालेल्या सहकाऱ्यांकडून त्याबद्दल तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं ज्युनियर कॉलेज का?

नाही, पण गोंधळ होणं साहजिक आहे. एकेकाळी यांना ज्युनियर कॉलेजच म्हणत. यातलं सगळ्यात जुनं, इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज, १९०१ साली सुरू झालं आणि त्याचं नाव आजही तेच आहे. मात्र इथे अकरावी-बारावी नसते. शाळा संपलेला कुणीही येतो, दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतो, नर्सिंग किंवा वेल्डिंग शिकतो, नाहीतर पहिली दोन वर्षं स्वस्तात काढून पुढे विद्यापीठात जातो. गुणवत्ता यादी नाही, कटऑफ नाही. दार सगळ्यांना उघडं.

एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. त्यांत सगळ्यात मोठा गट लॅटिनो विद्यार्थ्यांचा. माझ्या वर्गात एकोणीस वर्षांचा मुलगा आणि त्याच्या आईच्या वयाची बाई एकाच बाकावर बसतात आणि दोघंही कामावरून थेट आलेली असतात. घरात कॉलेज पाहिलेली पहिलीच पिढी, असे निम्मे तरी असतात. आपल्या ओळखीच्या घरांतल्या, एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारानं, आलेल्या कितीतरी जणी इथेच पुन्हा शिकायला लागल्या आहेत.

मुक्त शैक्षणिक साधनं म्हणजे फुकटच्या पीडीएफ फायली ना?

फुकट आणि मुक्त यांत फरक आहे, आणि या पानावरचं जवळजवळ सगळं त्या फरकावर उभं आहे.

बालभारतीची पुस्तकं आपण संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेतो. पण त्यांचे हक्क मंडळाकडे राखीव असतात. इयत्ता सातवीचा धडा घेऊन, त्यातली उदाहरणं बदलून, तुम्ही तो आपल्या नावानं छापू शकत नाही. ती पुस्तकं मोफत आहेत, मुक्त नाहीत.

मुक्त पुस्तकाचा लेखक आपला हक्क सोडत नाही, पण परवाना देऊन ठेवतो. सहसा तो क्रिएटिव्ह कॉमन्सचा असतो. त्या संस्थेनं आपले पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक साधनं’ ही संज्ञा ठरली. इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून सगळे ‘ओईआर’ म्हणतात. परवाना पूर्ण मोकळा असेल तर वाचणाऱ्याला पाच गोष्टी करता येतात : प्रत कायमची जवळ ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्या साहित्यात मिसळणं आणि पुढे वाटणं. मुक्त शिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड वायली यांनी ही यादी लोकप्रिय केली. यातली तिसरी गोष्ट, बदलणं, हीच माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची आहे.

पुस्तकाच्या किमतीचा वर्णभेदाशी काय संबंध? गरीब तर गोरेही असतात.

असतात, आणि मुक्त पुस्तकाचा फायदा त्यांनाही तेवढाच होतो. तरीही हिशेब मांडून पाहा.

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, ४६ डॉलर फी पडते. चार युनिटच्या वर्गाला १८४ डॉलर. गरजू विद्यार्थ्यांची ही फी माफ होते. पुस्तक मात्र माफ होत नाही. मी पूर्वी जे पुस्तक लावायचे, त्याची किंमत, ऑनलाइन गृहपाठ उघडणाऱ्या कोडसकट, फीच्या जवळ जायची. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांनुसार २००६ ते २०१६ या दहा वर्षांत कॉलेजच्या पुस्तकांच्या किमती ८८ टक्क्यांनी वाढल्या. फ्लोरिडातल्या सरकारी कॉलेजांमध्ये २०१८ साली झालेल्या पाहणीत ६४ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं की किमतीमुळे त्यांनी कधी ना कधी नेमलेलं पुस्तक घेतलंच नाही.

आता हा खर्च घरातून कोण काढू शकतं ते बघा. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीप्रमाणे मधल्या, म्हणजे सगळी ओळीनं लावली तर बरोबर मध्यावर येणाऱ्या, गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर होती आणि मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४ हजार ९००. ही दरी आपोआप पडलेली नाही. ती कशी पाडली गेली, ते खाली नकाशांच्या प्रश्नात येईल. अशा दोन घरांतल्या मुलांपुढे एकाच किमतीचं पुस्तक ठेवलं तर वागणूक सारखी दिसते, भार सारखा पडत नाही. समता आणि समन्याय यांतलं अंतर ते हेच.

आपल्याकडे थोरल्याची पुस्तकं धाकट्याला येतात. मी स्वतः अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीची पुस्तकं हुडकत वाढले. इथे प्रकाशकांनी ती वाटही बंद केली. पुस्तकाबरोबर अ‍ॅक्सेस कोड येतो, गृहपाठ त्या कोडनंच उघडतो आणि कोड एकदाच चालतो. थोरल्या बहिणीचं पुस्तक घरात असून धाकटीला उपयोग शून्य.

एक गोष्ट मी विसरू शकत नाही. ग्रंथालयात पुस्तकाची एक प्रत राखून ठेवलेली असे, दोन तासांपुरती, तिथेच बसून वाचायची. मुलं रांगेत उभी राहून मोबाइलवर पानांचे फोटो काढायची. एकदा परीक्षेत एका हुशार मुलाचं उत्तर चुकलं. पायऱ्या सगळ्या बरोबर, शेवटचा आकडा चूक. मी त्याला बोलावलं. त्यानं फोन काढून दाखवला : प्रसामान्य वितरणाच्या तक्त्याचा पुसट फोटो, कोपऱ्यात त्याच्याच अंगठ्याची सावली. तक्त्यातला ६ त्याला ८ दिसला होता. गुण मी दिले. पण त्या संध्याकाळी विकतचं पुस्तक बंद करायचं ठरवलं.

यानं निकाल खरंच सुधारतात, की नुसती भावना?

जॉर्जिया विद्यापीठात २१ हजार ८२२ विद्यार्थ्यांच्या निकालांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मुक्त पुस्तकं आल्यावर सगळ्यांचेच निकाल सुधारले, नापास होणं आणि वर्ग सोडणं कमी झालं. सगळ्यात जास्त सुधारणा दिसली ती गरजूंसाठीचं सरकारी पेल अनुदान घेणाऱ्या, गोऱ्या नसलेल्या आणि अर्धवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये. ते विद्यापीठ आहे, कम्युनिटी कॉलेज नाही, हे लक्षात ठेवावं. पण हे तिन्ही गट आमच्याकडे तिथल्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत.

फुकटचं म्हणजे हलकं, हा समजही यातून गळून पडावा. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या मुक्त पुस्तकांच्या प्रकल्पाची पुस्तकं विषयातल्या लोकांकडून तपासून घेतलेली असतात.

ही चळवळ कम्युनिटी कॉलेजांत कुणी आणली?

यात अभिमानानं सांगण्यासारखं बरंच आहे. फूटहिल-डी अँझा हा कॉलेज जिल्हा, म्हणजे एका प्रशासनाखालची दोन कॉलेजं, कूपर्टिनो आणि लॉस आल्टोस हिल्सच्या परिसरात आहे, जिथे आज मराठी घरं शोधावी लागत नाहीत. त्यानं पुढाकार घेतल्यावर २००७ साली कम्युनिटी कॉलेजांचा ओईआरसाठीचा संघ उभा राहिला. डी अँझा कॉलेजातल्याच बार्बरा इलाउस्की आणि सुझन डीन या दोन शिक्षिकांनी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं होतं. एका प्रतिष्ठाननं त्याचे हक्क विकत घेतले आणि २००८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढे ओपनस्टॅक्सचं संख्याशास्त्राचं पुस्तक त्यावरच बेतलं गेलं. मी शिकवते ते त्याच वंशातलं.

२०१३ मध्ये व्हर्जिनियातल्या टाइडवॉटर कम्युनिटी कॉलेजनं एकही पुस्तक विकत न घेता पुरी करता येईल अशी व्यवसाय प्रशासनाची असोसिएट पदवी सुरू केली. २०१६ पासून ‘अचीव्हिंग द ड्रीम’ या संस्थेनं १३ राज्यांतल्या ३८ कॉलेजांना अशा पदव्या उभ्या करायला मदत दिली. कॅलिफोर्नियानं २०१६ च्या अंदाजपत्रकात यासाठी ५० लाख डॉलर ठेवले होते, २०२१ मध्ये ११ कोटी ५० लाख.

पुस्तक फुकट झालं की प्रश्न मिटला, असं नाही का?

मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. मग एका विद्यार्थिनीनं सत्राच्या शेवटी अभिप्रायात लिहिलं की पुस्तक चांगलं आहे, पण त्यातली माणसं गोल्फ खेळतात आणि सरोवरावर बोटी चालवतात, आमच्या घरचं कुणी त्यात नाही. मी घरी जाऊन पहिली तीन प्रकरणं पेन्सिल घेऊन वाचली आणि ती म्हणत होती ते मला दिसायला लागलं. तोवर दिसलं नव्हतं, हे मला लागलं.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधक सारा लँबर्ट यांनी २०१८ मध्ये मुक्त शिक्षणातला न्याय तीन पायऱ्यांत मांडला. पहिली, वाटपाची : पुस्तक हातात पडणं. दुसरी, ओळखीची : त्या पुस्तकात आपली माणसं, आपला इतिहास असणं. तिसरी, आवाजाची : आपल्याबद्दल आपणच लिहिणं. फुकट पुस्तकानं पहिली पायरी चढून होते. जुनंच पुस्तक फुकट वाटलं तर त्यातलं जुनं दुर्लक्षही फुकट वाटलं जातं.

विकतच्या पुस्तकात मला खटकलेली ओळ मी फार तर वर्गात तोंडी दुरुस्त करू शकत होते. मुक्त पुस्तकातली ओळ मी खोडू शकते, नवी लिहू शकते आणि ती दुरुस्ती शंभर मैलांवरच्या दुसऱ्या शिक्षिकेला पाठवू शकते. वर्णभेदाविरुद्धच्या कामात मुक्त परवान्याचं खरं बळ हे आहे. पैशाची बचत त्याच्या आधीची गोष्ट.

समाजशास्त्रात ठीक आहे. संख्याशास्त्रात कसला आलाय वर्णभेद? आकडे तर आकडेच असतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, त्यातही आपल्या अभियंत्या मंडळींकडून.

आकडे कुणीतरी, कशासाठी तरी गोळा केलेले असतात. सहसंबंधाचं, म्हणजे दोन गोष्टी मिळून कशा बदलतात ते मोजण्याचं, गणित फ्रान्सिस गॉल्टन यांनी सुरू केलं, कार्ल पिअरसन यांनी पुढे नेलं. ज्या गुणकाला आपण पिअरसनचं नाव देतो, तो मीही शिकवते, शिकवायलाच हवा. पण याच गॉल्टननी १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला त्याचं इंग्रजी नाव दिलं आणि पिअरसन त्या विषयाचे लंडनमधले पहिले प्राध्यापक झाले. माणसांची प्रतवारी लावणं हा त्या शास्त्राचा हेतू होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं २०२० मध्ये आपल्या वास्तूंवरून या दोघांची नावं काढली. माझ्या जुन्या पाठ्यपुस्तकात दोघांचे फोटो होते, यातली एक ओळही नव्हती.

मुक्त पुस्तकात मी तिथे एक चौकट घातली, आणि ती आपल्या इरावती कर्वे यांच्यावर आहे. १९२७ च्या सुमारास इरावतीबाई बर्लिनला पीएच.डी. करायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर पुढे नाझींच्या वंशविचाराचे एक आधार ठरले. गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते, तशी इतरांची नसते, आणि त्याचा संबंध बुद्धीशी आहे, असं फिशर यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता वंशानुसार बदलते असं काही आढळलं नाही, आणि त्यांनी ते मार्गदर्शकापुढे तसंच लिहून दिलं.

वर्गात मी आधी फक्त गृहीतक सांगते. मग विचारते, हे तपासायचं तर काय मोजाल? नमुना कुठून घ्याल? शून्य परिकल्पना, म्हणजे ‘फरक नाहीच’ असं धरून केलेलं विधान, काय मांडाल? हात वर होतात, फळा भरतो. शेवटी सांगते की हे काम परक्या देशात, परक्या भाषेत, विशीतल्या एका बाईनं केलं, आणि तिचा मार्गदर्शकच उलट उत्तराची वाट पाहत होता. त्या वेळची शांतता मला फार आवडते. परिकल्पना चाचणी म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

आणखी एखादं उदाहरण? नकाशांचं काहीतरी म्हणालात.

१९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशननं दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे केले. प्रत्येक वस्तीला श्रेणी : हिरवी उत्तम, निळी बरी, पिवळी उतरती, लाल धोक्याची. प्रत्येक वस्तीचा एक छापील तक्ता असे. त्यात ‘कुणाचा शिरकाव’ असा रकाना होता, आणि कृष्णवर्णीय आहेत का, किती टक्के, असा दुसरा. ते राहत असतील तर वस्ती जवळजवळ हमखास लाल. अशा वस्त्यांत घरासाठी कर्ज मिळणं पिढ्यान्‌पिढ्या दुरापास्त राहिलं. घर नाही, म्हणून मुलांना ठेवायला मालमत्ता नाही. कायद्यानं हा भेद बंद केला तो १९६८ मध्ये. रिचमंड विद्यापीठानं हे नकाशे आणि तक्ते कुणालाही पाहता येतील असे ऑनलाइन ठेवले आहेत.

मी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराचा नकाशा घेते. विद्यार्थी जुनी श्रेणी एका स्तंभात आणि आजचं तापमान, झाडं, दम्याचं प्रमाण दुसऱ्या स्तंभात मांडतात. २०२० मध्ये १०८ शहरांचा असाच अभ्यास झाला : जुन्या लाल वस्त्या सरासरी २.६ अंश सेल्सियसनं जास्त तापतात. माझ्या एका विद्यार्थ्याला हे पटेना. तो सामान हलवणाऱ्या कंपनीत काम करत होता, त्याला गल्ली न्‌ गल्ली माहीत. त्यानं जुन्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंची एकेक गल्ली निवडली आणि फोनवर रस्त्याची चित्रं पुढे सरकवत झाडं मोजली. एका बाजूला मोजता मोजता वहीचं पान भरलं. दुसऱ्या बाजूला एका हाताची बोटं पुरली. मग तो म्हणाला, “मॅडम, या गल्लीत सोफा उचलताना जास्त दमायला होतं. मला वाटायचं, चढ आहे.” ते वाक्य त्याच्या परवानगीनं आता त्या प्रकरणात आहे.

नर्सिंगसारख्या विषयात काय बदलतं?

तिथे हा जिवाचा प्रश्न होतो. त्वचा लाल होणं, निळी पडणं, पिवळी पडणं, ही सगळी लक्षणं बहुतेक पुस्तकांत गोऱ्या कातडीवर दाखवलेली असत. काळ्या-सावळ्या त्वचेवर ती तशी दिसत नाहीत. ओठांच्या आतला भाग, तळहात, डोळ्यांतला पांढरा भाग पाहावा लागतो. आपल्या आईवडिलांच्या त्वचेवरही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात घरोघरी ऑक्सिमीटर होता. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल एक अभ्यास आला. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात ८८ च्या खाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडलं आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. छापील पुस्तकात हे यायला पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. मुक्त पुस्तकात शिक्षिका त्याच आठवड्यात परिच्छेद घालू शकते. विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा व्हॅली टेक्निकल कॉलेजनं नर्सिंगची मुक्त पुस्तकांची अख्खी मालिका केली आहे, त्यामुळे सुरुवात कोऱ्या पानापासून करावी लागत नाही.

‘ओपन फॉर अँटिरेसिझम’ हा काय कार्यक्रम आहे?

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या शिक्षकांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम. वर उल्लेख केलेला कॉलेजांचा संघ आणि कॉलेज ऑफ द कॅनियन्स यांनी तो ह्यूलेट प्रतिष्ठानच्या मदतीनं चालवला. पहिली तुकडी २०२१ मध्ये निघाली. शिक्षक आधी स्वतः शिकतात, मग मार्गदर्शकाच्या सोबतीनं आपल्या एका वर्गाचं साहित्य वर्णभेदविरोधी दृष्टीनं बदलतात आणि ते मुक्त परवान्यावर इतरांना देतात. इथे भर शिक्षकाचा स्वभाव बदलण्यापेक्षा अभ्यासक्रम, पुस्तक, गृहपाठ, मूल्यमापन बदलण्यावर आहे, ते मला पटतं. मनं बदलली की नाही हे मोजता येत नाही. पान बदललं की नाही ते दिसतं.

विद्यार्थ्यांकडून पुस्तक लिहून घेणं म्हणजे त्यांना फुकट राबवणं नव्हे का?

होऊ शकतं, म्हणून जपून करावं लागतं. विचार असा आहे की गृहपाठ एकदा तपासून टोपलीत जाण्याऐवजी पुढच्या तुकडीच्या कामी यावा. माझे विद्यार्थी सत्रात एक उदाहरण स्वतःच्या आयुष्यातून रचतात : बसच्या वेळा, तासाची मजुरी, घरभाडं. पण प्रसिद्ध करायचं की नाही हे तेच ठरवतात, आणि तेही गुण जाहीर झाल्यावर. नाव घालायचं, टोपणनाव घालायचं की काहीच नाही, हेही त्यांच्याच हाती. या देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्या कुटुंबातली मुलं आमच्याकडे शिकतात. त्यांचं नाव आणि गाव इंटरनेटवर कायमचं राहणं धोक्याचं असू शकतं. ‘मुक्त’ या शब्दाच्या भरात हे विसरू नये.

हे सगळं करायला शिक्षकांना वेळ आणि पैसे कोण देतं?

इथे माझा सूर जरा चढेल. कम्युनिटी कॉलेजांतले निम्म्याहून अधिक शिक्षक आपल्या भाषेत सांगायचं तर तासिका तत्त्वावरचे आहेत. दोन-तीन कॉलेजांत शिकवून महामार्गावर दिवस काढणाऱ्यांना इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. मी सात वर्षं तशी होते. गाडीच्या डिकीत तीन कॉलेजांच्या तीन पिशव्या असायच्या. त्यातल्या एका कॉलेजनं माझ्याकडून उन्हाळ्यात चार प्रकरणं बदलून घेतली, वार्षिक अहवालात विद्यार्थ्यांचे किती डॉलर वाचले ते छापलं, आणि मानधनाचं विचारल्यावर पुढच्या सत्राचे तासच दिले नाहीत.

विद्यार्थ्यांवरचा भार उचलून तो सगळ्यात कमी पगाराच्या शिक्षकांवर ठेवायचा, याला मी समन्याय म्हणणार नाही. त्यात वर्णभेदाविरुद्धचं काम कृष्णवर्णीय आणि लॅटिनो सहकाऱ्यांनीच करावं अशी न बोललेली अपेक्षा असते. तुमच्या कॉलेजात अनुदान आलं तर पहिला प्रश्न हाच विचारा : तासिका तत्त्वावरच्यांना यातून किती मिळणार?

गोऱ्या विद्यार्थ्यांना अपराधी वाटत नाही का? आणि आता तर सरकारचाच विरोध आहे.

माझ्या अनुभवात, नकाशा समोर ठेवला की मुलं नकाशाबद्दल बोलतात. पुरावा वाचायला शिकवणं हे माझं काम आहे. कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं हे कधीच नव्हतं.

विरोध मात्र खरा आहे. २०२३ मध्ये फ्लोरिडा आणि टेक्सासनं सरकारी उच्च शिक्षणातल्या विविधता-समावेशनाच्या कामावर बंधनं घालणारे कायदे केले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रातल्या नव्या सरकारनं अशा कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले. राज्याराज्यांत परिस्थिती वेगळी आहे, कॅलिफोर्नियात आम्ही अजून मोकळेपणानं शिकवतो. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बदलायचा हक्क सगळ्यांना असतो, गाळणाऱ्यालाही. कुणी गुलामगिरीचं प्रकरण काढून तेच पुस्तक पुन्हा वाटलं तर परवाना त्याला अडवत नाही. मूळ प्रत मात्र कुणालाच नाहीशी करता येत नाही. ती हजार ठिकाणी उतरवलेली असते.

आपला मराठी माणसांचा यात काय संबंध?

खूप जुना. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली. आणि ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांची भेट झाली ती ओकलंडच्या ज्या कॉलेजात, ते आजचं मेरिट कॉलेज, एक कम्युनिटी कॉलेजच आहे. तिथे कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवा, ही मागणी करणाऱ्यांत ते होते. १९६६ मध्ये त्यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्यावरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीनं दलित पँथर उभी केली. अभ्यासक्रमात कुणाचा इतिहास असावा, या भांडणाचं एक टोक ओकलंडच्या वर्गात आणि दुसरं आपल्या कामाठीपुऱ्यात आहे.

आणखी एक. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला. तेव्हा आपल्याच काही ओळखीच्या घरांत कपाळावर आठ्या पडलेल्या मी पाहिल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून जाताना गाडीची दारं लॉक करणारी माणसंही आपलीच आहेत. मुलांच्या पुस्तकात वर्णभेदाचं प्रकरण आलं तर त्यांच्यासोबत बसून ते वाचा, एवढं मी कळकळीनं सांगेन.

माझ्या मुलीला कॉलेजात असे वर्ग कसे सापडतील?

कॅलिफोर्नियात २०१८ पासून वेळापत्रकात पुस्तकखर्च नसलेल्या वर्गांपुढे खूण असणं कायद्यानं बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ‘झेडटीसी’ (झीरो टेक्स्टबुक कॉस्ट) असं लिहिलेलं असतं. ‘इन्क्लुझिव्ह अ‍ॅक्सेस’ या नावाला मात्र भुलू नका. त्यात पुस्तकाचे पैसे फीबरोबरच कापले जातात आणि सत्र संपलं की पुस्तक सहसा बंद होतं. नको असेल तर मुदतीच्या आत बाहेर पडता येतं. तारीख शोधून ठेवा.

मी महाराष्ट्रात शिकवतो. या पुस्तकांचा मराठी अनुवाद करू शकतो का?

परवान्यावर अवलंबून आहे, आणि तो प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत दिलेला असतो. ‘सीसी बाय’ असेल तर अनुवाद करा, छापा, विकलात तरी चालेल, श्रेय द्यायचं एवढंच. ‘एनसी’ असेल तर नफ्यासाठी वापरता येणार नाही. ‘एसए’ असेल तर तुमचा अनुवादही त्याच परवान्यावर खुला ठेवावा लागेल. ‘एनडी’ असेल तर अनुवाद करून वाटता येत नाही, थेट लेखकाची परवानगी मागा.

अनुवाद करताना उदाहरणंही तिथलीच ठेवू नका. ओकलंडच्या जागी सोलापूर घ्या, लाल रेषेच्या जागी गावाची वेस घ्या आणि पाण्याच्या टाकीपासून कुठली वस्ती किती लांब आहे ते मुलांकडून मोजून घ्या. श्रेयाच्या ओळीत मूळ लेखक, पुस्तकाचं नाव, दुवा आणि परवाना लिहा. त्याखाली तुम्ही काय काय बदललं तेही प्रकरणवार लिहा. पुढच्या शिक्षकाला तिथून काम उचलायचं असतं.